दारामागचं झाड: पोरांना अहिंसा शिकवायची तर घरी नेमकं काय करायचं

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे बँकेचं जुनं कॅलेंडर उलटं करून लावलंय (आपल्या नेहमीच्या कॅलेंडरच्या मागे रेसिप्या आणि राशिभविष्य असतं, ते चालत नाही, मागून कोरं लागतं). त्यावर स्केचपेनने झाड काढलंय आणि झाडाच्या उजव्या फांदीवर माझ्या दहा वर्षांच्या पोराच्या अक्षरात लिहिलंय, "आई चिडली पण बोलली नाही. भांडी आपटली." पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं आणि मग दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण त्या दिवशी मी हात उचलला नव्हता, आवाज चढवला नव्हता, माझ्या मते मी अगदी शहाण्यासारखी वागले होते.

हा लेख त्या झाडाबद्दल आहे आणि त्याच्यासोबत आम्ही जे काय काय करून बघितलं त्याबद्दल. मी काही बालमानसतज्ज्ञ वगैरे नाही. नाशिकमध्ये राहते, घरात दोन पोरं, आणि गेली चार वर्षं शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर आठ-दहा पोरं जमवून गप्पा मारते, तेवढाच अनुभव. पण "मारामारी करू नये" हे वाक्य हजार वेळा बोलून काही होत नाही हे मी खात्रीने सांगू शकते. पोरांना ते पाठ असतं. परीक्षेत लिहितात आणि मधल्या सुट्टीत एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालतात.

झाडाची आयडिया कुठून आली

ही माझी नाही, अरुण गांधींची आठवण आहे. गांधीजींचे नातू, मणिलालचे चिरंजीव, दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळ फिनिक्स आश्रमात वाढले. लहानपणी तिथल्या गोऱ्या पोरांनी काळा म्हणून मारलं आणि काळ्या पोरांनी गोरा म्हणून मारलं, त्यामुळे पोराच्या डोक्यात फक्त बदला. बाराव्या वर्षी, १९४६ मध्ये, आई-वडिलांनी आजोबांकडे आणून सोडलं. आजोबांनी उपदेश करायच्या ऐवजी एक काम दिलं: आपण जशी घराण्याची वंशावळ काढतो तशी हिंसेची वंशावळ काढायची. एका बाजूला शरीराला होणारी हिंसा, दुसऱ्या बाजूला हात न लावता होणारी. रोज दिवसभरात जे केलं, पाहिलं ते योग्य फांदीवर टाकायचं. अरुण गांधी सांगायचे की थोड्याच महिन्यांत हात न लावता केलेल्या हिंसेने खोलीची अख्खी भिंत भरली. आणि या फांदीनेच त्या फांदीला खतपाणी मिळतं, म्हणजे आधी टोमणा, दुर्लक्ष, अपमान, मग समोरच्याचा संताप आणि मग हात, हे त्यांना त्या वयात कळलं. २०२३ च्या मे महिन्यात ते गेले, आपल्या कोल्हापुरातच. बातमी वाचली, त्यांची जुनी भाषणं ऐकत बसले आणि आमचं झाड सुरू झालं.

पण थांबा, झाड लगेच काढू नका. आम्ही तीच चूक केली.

पहिली पायरी: एक आठवडा फक्त स्वतःकडे बघा

पोरांना काही सांगायचं नाही. सात दिवस एक छोटी वही जवळ ठेवा आणि तुम्ही ज्या ज्या वेळी ओरडलात, धपाटा घातलात, टोमणा मारलात, अबोला धरलात, तेव्हा तीन गोष्टी लिहा: किती वाजले होते, आधी काय झालं, आणि तुमच्या पोटात अन्न होतं का. हसू नका, तिसरी गोष्ट फार महत्त्वाची निघते.

माझ्या वहीत सातपैकी पाच दिवसांच्या नोंदी सकाळी सात ते सात चाळीस या वेळातल्या होत्या, म्हणजे स्कूल व्हॅन यायच्या आधी. बुटाचा एक पाय सापडत नाही, वहीला कव्हर नाही, आणि मी उपाशी. त्यामुळे अहिंसेचा पहिला धडा आमच्याकडे "रात्री दप्तर भरून ठेवणे" हा निघाला. गंमत वाटेल, पण घरातली निम्मी आरडाओरड त्यानेच कमी झाली. नवऱ्याने पण वही ठेवली, त्याच्या सगळ्या नोंदी मोबाईलवर ऑफिसचा फोन येऊन गेल्यानंतरच्या दहा मिनिटांतल्या होत्या, आणि हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

दुसरी पायरी: झाड

खोडावर "हिंसा" लिहा किंवा लहान पोरं असतील तर "लागलं" लिहा. डावी फांदी अंगाला लागलेलं, उजवी मनाला लागलेलं. रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं, घरातले सगळे, आजी-आजोबांसकट. आमच्या सासूबाई आधी म्हणाल्या "हे काय नवीन खूळ", आता चष्मा लावून सगळ्यात आधी त्याच उभ्या असतात.

सुरुवातीला हे झाड म्हणजे तक्रारवही झाली. "ताईने रिमोट घेतला", "ताईने परत रिमोट घेतला". मग नियम केला की आधी स्वतःचं एक लिहायचं, त्यानंतर हवं तर दुसऱ्याचं एक. स्वतःचं नसेल तर दुसऱ्याचं पण नाही. काय लिहायचं हे कळत नसेल तर स्वतःला एकच विचारायचं, हे कोणी माझ्याशी केलं असतं तर मला लागलं असतं का.

दुसरा नियम मोठ्यांसाठी, आणि हा मोडलात तर सगळं संपलं समजा: झाडावर लिहिलेल्या गोष्टीवरून रागवायचं नाही. कधीच नाही. दुसऱ्या दिवशी भांडणात तो विषय काढायचा नाही, मावशीला फोनवर सांगायचं नाही. माझ्या लेकीने एकदा लिहिलं होतं की वर्गातल्या एका मुलीने डब्यात अंडं आणलं म्हणून ती आणि तिची मैत्रीण उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. वाचल्यावर माझ्या जिभेवर अख्खं भाषण आलं होतं. गिळलं. फक्त विचारलं, "ती मग डबा कुठे खायला गेली?" लेक म्हणाली "माहीत नाही." दोन मिनिटांनी म्हणाली, "तिने झाकण लावलं. खाल्लंच नाही बहुतेक." त्यावर मी काही बोलले असते तर ते झाकण तिला दिसलं नसतं असं मला आजही वाटतं.

एक धोका सांगते. काही पोरं हळवी असतात, त्यांना हे झाड म्हणजे आपल्या वाईटपणाची यादी वाटायला लागते. आमची थोरली महिनाभराने म्हणाली की मी वाईटच आहे ना. तेव्हापासून आम्ही हिरव्या पेनाने पानं काढतो: राग आला पण हात थांबला, चिडवणार होतो पण गिळलं, कोणाला तरी खेळात घेतलं. पोरगं गप्प गप्प व्हायला लागलं तर झाड आठवडाभर बंद ठेवा, काही बिघडत नाही.

तिसरी पायरी: रागाच्या आधीचा शब्द

ही छोटी आहे. पोरांकडे भावनेसाठी दोनच शब्द असतात, "राग आला" आणि "बोर झालं". आपल्या भाषेत खजिना पडलाय, तो वापरा. हिरमुसलो, जळफळाट झाला, लाज वाटली, कानकोंडं झालं, एकटं पडलो, धसका घेतला, मन खट्टू झालं. मारामारी झाली की "का मारलंस" विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "त्याने आधी" असं येतं. "राग यायच्या आधी काय आलं होतं" हे विचारा. गच्चीवरच्या एका पोराने बॅट फेकून मारली होती, बराच वेळ गप्प बसून मग म्हणाला की सगळे हसले तेव्हा लाज वाटली. शून्यावर आऊट झाला होता बिचारा.

चौथी पायरी: पेच

शनिवारचा आमचा मुख्य धंदा हाच. एक अवघड प्रसंग सांगायचा, निर्णयाच्या आधी थांबायचं आणि पोरांना अडकवून ठेवायचं.

वय बघून सुरू करा. पाच-सहा वर्षांच्या पोरांना पियाजेचा कपांचा प्रसंग सांगा. जाँ पियाजे हा स्विस मानसशास्त्रज्ञ, त्याने १९३२ च्या पुस्तकात लिहिलेला: एका मुलाने दार उघडलं, मागे ट्रे होता त्याला माहीत नव्हतं, पंधरा कप फुटले. दुसरा गुपचूप जॅम काढायला चढला आणि एक कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान पोरं बहुतेकदा पंधरावाला सांगतात, कारण नुकसान जास्त. जॅमऐवजी मुरांबा करून मी हे भाच्यावर करून पाहिलं, त्याने क्षणात पंधरावाल्याला दोषी ठरवलं. म्हणजे "मुद्दाम नाही केलं त्याने" हे वाक्य त्या वयात पोराच्या डोक्यात शिरत नसेल तर त्याच्यावर चिडू नका, ते वयच तसं आहे. अशांना पेच कमी आणि गोष्टी जास्त.

आठ-नऊच्या पुढे खरी मजा येते. अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग, याने मुलांना एक प्रसंग घातला होता, बायको मरायला टेकलीये, औषध आहे पण परवडत नाही, नवऱ्याने चोरी करावी का. त्याला "हो" की "नाही" यात रस नव्हता, कारण काय देतात यात होता. शिक्षा होईल म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून, की जीव मोठा म्हणून. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली तरी शनिवार निभतो: उत्तराला मार्क द्यायचे नाहीत, "कारण काय" एवढंच विचारत राहायचं.

पेच तयार करताना तो आपल्या गल्लीतला असू दे, दोन्हीकडे काहीतरी गमवायचं असू दे, आणि तुमच्या खिशात उत्तर लपवलेलं नसू दे. पोरांना लगेच वास येतो. "काकूंना काय ऐकायचंय" हे ओळखलं की सगळे तेच बोलतात आणि लवकर घरी जातात.

आमच्या इथे संक्रांतीच्या आसपास चालतो तो हा पेच. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी दरवर्षी गुपचूप विकला जातो, पक्षी अडकतात, टू-व्हीलरवाल्यांचे गळे कापले जातात, नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. तर प्रसंग असा: तुझ्या मोठ्या भावाने नायलॉन मांजाची रीळ आणून कपाटामागे लपवलीये. तू बाबांना सांगितलंस तर बाबा त्याला पट्ट्याने मारणार, हे तुला पक्कं माहीत आहे. नाही सांगितलंस तर तो उद्या उडवणार. काय करशील?

बघा, नुसतं "सांगीन" म्हणून सुटका नाही. सांगण्यातही हिंसा आहे, गप्प बसण्यातही.

चालवायचं कसं ते सांगते. प्रसंग तीन मिनिटांत सांगून टाका. मग दोन मिनिटं पूर्ण शांतता आणि प्रत्येकाने चिठ्ठीवर आपलं उत्तर लिहायचं. हे चुकवू नका, नाहीतर जो सगळ्यात मोठ्याने बोलतो त्याच्या मागे बाकीचे जातात. मग गच्चीच्या एका टोकाला "सांगणार", दुसऱ्या टोकाला "नाही सांगणार", मध्ये "माहीत नाही". मध्ये उभं राहायला परवानगी असते, तो पळपुटेपणा नाही. आळीपाळीने कारण सांगायचं, आणि कोणाचं पटलं तर चालत जाऊन जागा बदलायची. जागा बदलणाऱ्याला चिडवलं तर तो शनिवार तिथेच बंद. शेवटी दहा मिनिटं तिसरा रस्ता शोधायचा.

त्या दिवशी काय काय निघालं! एक म्हणाला रीळ कापून टाकीन आणि उंदराने कुरतडली म्हणून सांगीन. एक म्हणाली आधी आजीला सांगू, आजी असताना बाबा मारत नाहीत. एक जण नाही सांगणारच्या टोकाला शेवटपर्यंत हलला नाही, आणि का विचारलं तर म्हणाला, "काकू, तुम्ही पट्टा बघितला नाहीये." तो माझ्या प्रसंगातल्या बाबांबद्दल बोलत नव्हता. अशा वेळी सगळ्यांसमोर खोदायचं नाही. नंतर एकट्याशी बोला, आणि घरात खरंच पोराला मार बसत असेल तर ती आपली जबाबदारी होते, १०९८ ही लहान मुलांची हेल्पलाइन त्यासाठीच आहे, फोन फुकट लागतो.

दुसरा पेच आपोआप आला, डासांची बॅट. पावसाळ्यात आमच्या इथे डेंग्यूचं वातावरण, त्यामुळे घरोघरी ती चार्जिंगवाली बॅट, आणि पोरं त्याच्यावर स्कोर मोजतात. चट् असा आवाज आला की "सत्तावीस!" एका मुलीने विचारलं की हे झाडावर लिहायचं का. झालं, तासभर तेच. डास मारला नाही तर डेंग्यू, म्हणजे मारायलाच पाहिजे. मग स्कोर का मोजायचा? एक म्हणाला मारायचं पण मजा नाही घ्यायची. दुसरा लगेच, "मग तू रविवारी मटण खाताना मजा का घेतोस?" त्यावर जैन घरातला एक, जो आतापर्यंत विजयी चेहऱ्याने बसला होता, त्याला कोणीतरी विचारलं की तुझ्याकडे पेस्ट कंट्रोलवाला येतो ना. सगळे गप्प. मी पण गप्प, कारण मला पण माहीत नव्हतं. शेवटी एवढंच ठरलं की कूलरचं आणि कुंड्यांच्या ताटल्यांचं पाणी दर रविवारी पोरं ओतणार, म्हणजे डास मुळात कमी होतील. स्कोर मोजायचा की नाही यावर आजतागायत एकमत नाही.

अशा वेळी मी साबरमतीच्या वासराची गोष्ट सांगते. १९२८ साली आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत पडलं होतं, वाचायची आशा नव्हती, गांधीजींनी डॉक्टरकडून इंजेक्शन देववून त्याला मरण दिलं. आणि ते स्वतः लिहून छापलं. लोक भयंकर चिडले, अहिंसावाल्याने वासरू मारलं म्हणून पत्रांचा पाऊस. पोरांना हे सांगितलं की आधी धक्का बसतो आणि मग मोकळी होतात, की एवढ्या मोठ्या माणसाला पण रेडीमेड उत्तर नव्हतं.

प्रश्न कोणते विचारायचे याची माझी ठरलेली चारच वाक्यं आहेत: यात कोणाचं काय जाईल? जो इथे नाहीये त्याला काय वाटेल? तुझ्या जागी तुझा आवडता माणूस असता तर उत्तर बदललं असतं का? आणि उद्या हे सगळ्यांना कळलं तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त जागा बदलतात.

पाचवी पायरी: खरं भांडण झालं की

आधी वेगळं करा, पाणी द्या, पंधरा-वीस मिनिटं काही विचारू नका. तापलेल्या तव्यावर चिंतन होत नाही. आणि "सॉरी म्हण" हे बंद करा, त्याने पोरांना फक्त सॉरी म्हणायचा वेग येतो. त्याऐवजी दोन वाक्यं लिहायला लावा, मी काय केलं आणि आता मी काय करणार. "पण"ने सुरू होणारं तिसरं वाक्य नको. गांधीजींनी पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातला सोन्याचा तुकडा चोरला होता, बोलायची हिंमत नव्हती म्हणून चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हातात दिली. त्यात शिक्षा मागितली होती आणि माझ्यासाठी तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका असंही लिहिलं होतं. वडिलांनी वाचली, डोळ्यांतून पाणी आलं, चिठ्ठी फाडून टाकली, एक शब्द बोलले नाहीत. ही गोष्ट मी पोरांपेक्षा आई-बापांनाच जास्त सांगते.

तुमच्याकडूनच हात उचलला गेला तर? जाईल. दक्षिण आफ्रिकेतल्या त्यांच्या टॉल्स्टॉय फार्म या आश्रमात एका दांडगट पोराला खुद्द गांधीजींनी रुळाने मारलं होतं, मारताना स्वतः थरथरत होते, आणि त्याचा पस्तावा अजून होतो असं पुढे आत्मकथेत लिहिलं. त्याच रात्री डाव्या फांदीवर स्वतःच्या अक्षरात लिहा, सगळ्यांसमोर. "तूच असं केलंस म्हणून" हे शेपूट न लावता.

आणि मार खाऊन येणारं पोर?

हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. अहिंसा शिकवली तर माझं पोर बुळं होईल, सगळे त्यालाच मारतील. त्याला स्पष्ट सांगा की गप्प मार खाणं म्हणजे अहिंसा नाही. भ्याडपणा आणि हिंसा यांतलं एकच निवडायची वेळ आली तर मी हिंसा निवडायला सांगेन, असं १९२० साली गांधीजींनीच लिहिलंय. पण पोरांना बहुतेक वेळा तिसरं काहीतरी जमतं, फक्त त्याची प्रॅक्टिस लागते. आम्ही गच्चीवर अक्षरशः तालीम करतो: पाय रोवून उभं राहायचं, डोळ्यांत बघून पोटातून "थांब" म्हणायचं, मग जिथे माणसं आहेत तिकडे चालत जायचं, आणि मोठ्या माणसाला नाव-जागा-वेळ सांगायची. बघणाऱ्या पोरांची पण तालीम, कारण दोघं-तिघं जाऊन नुसते त्याच्या शेजारी उभे राहिले तरी मारणाऱ्याचा अर्धा जोर ओसरतो. आणि शिक्षकच मारत असतील तर शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या, कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. माझ्या भाचीच्या शाळेत तिला वर्गासमोर अर्धा तास उभं करून नावं ठेवली गेली. आम्ही शांतपणे कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. ओरडायला गेलो असतो तर विषय आमच्या ओरडण्याचा झाला असता.

आमचं पहिलं कॅलेंडर आता काठोकाठ भरलंय. त्याचं काय करायचं यावर घरात पेच आहे. धाकटा म्हणतो होळीत टाकू, सगळं जळून जाईल. थोरली म्हणते त्यात माझी हिरवी पानं पण आहेत, मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. सासूबाई "माहीत नाही"च्या बाजूला उभ्या आहेत. तूर्तास गुंडाळी माळ्यावर आहे, आणि नवीन कॅलेंडर आणायला बँकेत जायचंय.